नदी गेली कुठे? कार्स्ट भूमी आणि अनुमानाची परीक्षा



तत्त्वज्ञानाच्या मास्तराने आज भूगोलाचा विषय का घेतला, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. न्यायदर्शनात अनुमानाची जी जुनी उदाहरणं येतात, त्यांतला धूर आणि अग्नी सगळ्यांना पाठ असतो. त्याच्याच शेजारी आणखी एक उदाहरण आहे, तितकं प्रसिद्ध नाही. नदी फुगलेली दिसली की वरच्या अंगाला पाऊस झाला असणार, असं आपण ओळखतो. कार्यावरून कारण ओळखलं. याला वात्स्यायनाने शेषवत् अनुमान म्हटलं आहे. आता गंमत अशी की, या अनुमानात आपण एक गोष्ट न बोलता धरून चालतो. नदी उघड्यावर वाहते, आणि 'वरचं अंग' कोणतं हे आपल्याला ठाऊक असतं. सह्याद्रीतल्या माणसाला तर यात धरून चालण्यासारखं काही आहे हेच सुचायचं नाही. घाटमाथ्याच्या या बाजूला पडलेलं पाणी बंगालच्या उपसागराला जातं, त्या बाजूचं अरबी समुद्राला. डोंगराची धार पाहिली की पाणलोट कळला.

पण जगात अशी भूमी आहे, आणि ती थोडीथोडकी नाही, जिथे डोंगराची धार पाहून पाणी कुणाचं ते कळत नाही. बर्फाखालची जमीन सोडली तर उरलेल्या जमिनीच्या सुमारे १५ टक्के भागावर चुनखडीसारखे कार्बोनेट खडक आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नदी चालता चालता जमिनीत शिरते आणि भलत्याच खोऱ्यात वर येते. या भूमीला कार्स्ट म्हणतात. आज तिथली भूरूपं पाहू, पण माझं लक्ष एकाच प्रश्नावर राहणार आहे : जे पाणी दिसत नाही, ते कुठून कुठे जातं हे माणसाने कसं ठरवलं? आणि ते चुकलं तर काय होतं?

नावापासून सुरुवात करू. इटलीतलं त्रिएस्त हे बंदर माहीत असेल. त्याच्या पाठीशी, स्लोव्हेनियात पसरलेलं एक दगडाळ पठार आहे. स्लोव्हेन लोक त्याला क्रास म्हणतात, इटालियन लोक कार्सो, आणि ऑस्ट्रियाच्या अमलात जर्मन भाषेत झालं कार्स्ट. एका पठाराचं हे विशेषनाम पुढे जगभरच्या तशा सगळ्या भूमीचं सामान्यनाम झालं. याचं श्रेय बरंचसं योव्हान स्वियिच या सर्बियन भूगोलज्ञाला जातं. व्हिएन्नात आल्ब्रेख्त पेंक यांच्या हाताखाली शिकून त्याने १८९३ साली कार्स्टवरचा प्रबंध छापला. वय २८ पूर्ण झालं नव्हतं. तिथल्या शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द, डोलिना, उवाला, पोल्ये, त्याने शास्त्राचे शब्द करून टाकले. मला हे आवडतं. आपल्याकडे परिभाषा समितीच्या खोलीत तयार होते आणि बहुतेकदा त्या खोलीतच राहते.

आता हे घडतं कसं? शाळेतला एक प्रयोग आठवा. चुन्याची निवळी घ्यायची आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा. निवळी दुधाळ होते. बहुतेक शाळांत प्रयोग इथे संपतो, घंटा होते. पण वायू सोडत राहिलात तर थोड्या वेळाने ते दुधाळ पाणी पुन्हा स्वच्छ होतं. कार्स्टचं सगळं रहस्य या दुसऱ्या अर्ध्या प्रयोगात आहे. पहिल्या भागात कॅल्शियम कार्बोनेट तयार झालं, म्हणजे चुनखडीच म्हणा. दुसऱ्या भागात जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे तीच चुनखडी पाण्यात विरघळली.

निसर्गात हा वायू येतो मातीतून. पावसाचं पाणी हवेतून थोडा घेतं, पण हवेत तो फारच कमी. मातीत मुळं श्वास घेतात, पालापाचोळा कुजतो, त्यामुळे मातीतल्या हवेत त्याचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट असतं. मातीतून झिरपलेलं पाणी असं सौम्य आम्ल होऊन खडकाच्या फटीत शिरतं. फट किंचित रुंदावते. रुंदावली की जास्त पाणी त्याच फटीकडे वळतं, म्हणून ती आणखी रुंदावते, आणि शेजारची फट मागे पडते. सावकाराच्या व्याजासारखा हा हिशेब आहे. हजारो वर्षांत एका केसाएवढ्या फटीची नळी होते, नळीचं भुयार होतं. वरचं पाणी खाली उतरतं आणि वरच्या ओढ्यांची पात्रं कोरडी पडतात.

तेच पाणी गुहेच्या छताशी येऊन थेंब होऊन लोंबकळलं की उलटं घडतं. गुहेतल्या हवेत मातीपेक्षा कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणून थेंबातला वायू निघून जातो आणि विरघळलेली चुनखडी धरून ठेवायला बळ उरत नाही. ती बाहेर पडते. छताला लोंबते ती आणि जमिनीवरून वर वाढते ती, दोन्ही यातूनच. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना लवणस्तंभ म्हणतात. मुलांना वाटतं मिठाचे खांब! लवण हा तिथे रसायनशास्त्रातला शब्द आहे, मीठभाकरीतला नव्हे. शिवाय पाणी वाळून हे थर बसतात, असाही समज असतो. खोल गुहेतली हवा इतकी दमट असते की तिथे वाळणं फारसं होतच नाही. कारण आहे ते वायूचं जाणं. तुमच्या पाणी तापवायच्या भांड्यात तळाला पांढरा क्षार बसतो ना, त्याच्या मुळाशीही हेच आहे. उष्णतेने वायू हाकलला जातो. खडक खाणं आणि खडक बांधणं ही एकाच क्रियेची दोन तोंडं आहेत, वाऱ्याची दिशा बदलली की दार उघडतं किंवा लागतं तशी.

आपल्या मनात 'गुहा' म्हटलं की अजिंठा-वेरूळ येतं. ती लेणी. काळ्या बेसाल्टमध्ये माणसाने छिन्नीने कोरलेली. बेसाल्ट असा विरघळत नाही. कार्स्टची गुहा पाण्याने कोरलेली असते, आणि जिथे पाणी आजही आत वाहतं तिथे काम अजून चालू आहे.

आता वर, जमिनीवर येऊ. उघड्या चुनखडीवर आधी बारीक बारीक पन्हळी आणि धारदार कंगोरे दिसतात, अनवाणी चालायची सोय नाही. मग येतात डोलिना. सगळीकडून बंद, वाटीसारखे खळगे, काही खोलीएवढे, काही शेकडो मीटर रुंद. ओढ्याने कोरलेल्या दरीला एक तोंड असतं, पाणी बाहेर जायला. या खळग्याला तोंड नाही, पाणी तळातून जातं. गमतीचा भाग म्हणजे स्लोव्हेन भाषेत 'डोलिना'चा साधा अर्थ दरी असाच आहे. शास्त्राने शब्द उचलला आणि बंद खळग्याला लावला. बहुतेक डोलिना सावकाश विरघळून बनतात. काही मात्र खालच्या गुहेचं छत कोसळून एका क्षणात बनतात. क्रासच्या पठारावर माती जी काही आहे ती या खळग्यांच्या तळाशी, लालसर, वाऱ्यापासून आडोशाला. तिथला वारा, त्याला बुर्या म्हणतात, माती उडवून नेण्याइतका जोराचा. म्हणून शेतकरी पिढ्यानपिढ्या त्या वाट्यांमध्येच बटाटे नि भाजी लावत आले. चरायला सोडलेल्या जनावरांनी आणि लाकूडतोडीने पठार उघडंबोडकं झालं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काळ्या पाइनची लागवड झाली, तेव्हा कुठे हिरवं दिसू लागलं. ज्या दगडी उजाडपणाला लोक 'कार्स्टचं लक्षण' समजत, त्यातला मोठा वाटा माणसाचा होता.

अनेक डोलिना एकत्र झाल्या की उवाला, आणि त्याहून मोठं, सपाट तळाचं मैदान म्हणजे पोल्ये. शब्दशः शेत. पोल्येमध्ये एका कडेला झरे फुटतात, नदी मैदानभर वाहते आणि दुसऱ्या कडेला जमिनीतल्या भोकांत गडप होते. त्या भोकांना पोनोर म्हणतात. स्लोव्हेनियातल्या त्सेर्क्नित्सा पोल्येत तर सरोवरच येतं आणि जातं. ओल्या दिवसांत पोनोरांना जितकं पाणी गिळवतं त्याहून जास्त येतं, आणि २० चौरस किलोमीटरहून मोठं सरोवर भरतं. कोरड्या महिन्यांत ते रिकामं होतं. जिथे मासे धरले तिथेच गवत कापायचं. सतराव्या शतकात यान्येझ वाल्वासोर या तिथल्या सरदाराने या सरोवराचा उलगडा करायचा प्रयत्न केला. जमिनीखाली टाक्या आहेत, वक्रनळ्या आहेत, असं चित्र त्याने मांडलं. लंडनच्या रॉयल सोसायटीला ते इतकं भावलं की १६८७ साली त्याला सदस्य करून घेतलं. त्याचं चित्र तपशिलात टिकलं नाही. पण भुताखेतांना बाजूला ठेवून न दिसणाऱ्या पाण्यासाठी यंत्रासारखं कारण शोधायचं, ही त्याची रीत टिकली.

आता मूळ प्रश्नाकडे. श्कोत्सियान गावाजवळ रेका नावाची नदी एका कड्याखाली जमिनीत शिरते. 'रेका' म्हणजेच स्लोव्हेनमध्ये नदी. आत एवढी मोठी घळ आहे की एका दालनाचं छत १४६ मीटर उंच आहे. आणि पुरात आतलं पाणी १०० मीटरहून अधिक चढल्याच्या नोंदी आहेत. १९८६ पासून या गुहा जागतिक वारशाच्या यादीत आहेत. इथून सुमारे ३५ ते ४० किलोमीटरवर, समुद्राच्या अगदी काठाशी, दुईनोजवळ तिमावो नदीचे झरे एकदम मोठ्या प्रवाहाने वर येतात. व्हर्जिलच्या महाकाव्यातही तिमावोचा उल्लेख आहे. ही ती रेकाच, असा तर्क लोक फार पूर्वीपासून करत आले होते. तर्क. सिद्ध कसं करणार?

त्रिएस्त वाढत होतं, पिण्याच्या पाण्याची ददात होती. लिंडनर नावाच्या गृहस्थाने विचार केला की नदी जर पठाराखालून जात असेल तर ती आपल्या डोक्यावरच्या पठारात कुठेतरी सापडलीच पाहिजे. त्याने खूण कोणती धरली पाहा. मोठा पाऊस झाला की पठारावरच्या काही फटींतून वारा फुंकल्यासारखा बाहेर येई. खाली पाणी चढत असेल, तर वरची हवा बाहेर ढकलली जाणारच. अशा एका फटीत खाणकामगार उतरवून, खोदत खोदत, १८४१ साली ते तळाला पोचले. ३२९ मीटर खोल. आणि खाली खरोखर नदी वाहत होती! अनुमानाचा याहून देखणा विजय मला ठाऊक नाही. पण शहराला त्याचा उपयोग शून्य. तेवढ्या खोलीवरून पाणी उपसायचं कसं? त्रिएस्त तहानलेलंच राहिलं.

शिवाय न्यायशास्त्राच्या काटेकोर नजरेने एक शंका उरतेच. ती नदी रेकाच आहे कशावरून? खुद्द न्यायसूत्रांत नदीच्या उदाहरणावर आक्षेप घेतलेला आहे. नदी फुगलेली दिसली, पण खाली कुणी बांध घातला असेल, म्हणून फुगली असेल. मग पावसाचं अनुमान फसलं. त्याला वात्स्यायनाचं उत्तर मोठं मार्मिक आहे. नुसतं फुगणं ही खूण नव्हेच. वेग, फेस, वाहून आलेली फळं, पानं, लाकडं, हे सगळं मिळून खूण होते. बांधाने फुगलेल्या पाण्यात हे नसतं.

कार्स्टमधल्या संशोधकांनी नेमकं हेच केलं, फक्त एक पाऊल पुढे जाऊन. पानं-लाकडं वाहून येण्याची वाट पाहण्यापेक्षा खूण आपणच पाण्यात सोडायची. रेकाच्या पाण्यात लिथियमचे क्षार सोडले. १९२० च्या दशकात तर खुणा केलेले ईल, म्हणजे वाम माशासारखे लांबट मासे, जमिनीखालच्या पाण्यात सोडले आणि त्यांतले काही तिमावोच्या झऱ्यांत धरले गेले. सापडलेली खूण आणि आपण घातलेली खूण यांत प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने केवढं अंतर आहे! पहिलीला दुसरं कारण असू शकतं. दुसरीचं कारण आपल्या हातात होतं.

दोन प्रकरणं सांगतो, म्हणजे पणाला काय लागतं ते दिसेल. जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूब नदीचं पाणी पात्रातल्या चुनखडीत मुरतं, इतकं की वर्षातले बरेच दिवस पात्र तिथे कोरडं असतं. सुमारे १२ किलोमीटरवर आखचा झरा आहे. आखवरच्या गिरणीमालकांना भीती, की डॅन्यूबवाले ती भोकं बुजवतील आणि आपल्या गिरण्या थांबतील. १८७७ साली अडोल्फ क्नोप या भूगर्भतज्ज्ञाने मुरणाऱ्या पाण्यात १० किलो फ्लुरोसिन नावाचा रंग, बरंच मीठ आणि खनिज तेल ओतलं. सुमारे ६० तासांनी आखचं पाणी हिरवं चमकायला लागलं. चवीला खारट, वर तेलाचा वास. आता विचार करा. डॅन्यूब जाते काळ्या समुद्राला. आख जाते कॉन्स्टन्स सरोवरातून ऱ्हाईनला, म्हणजे उत्तर समुद्राला. युरोपचा मोठा जलविभाजक त्या पात्राच्या तळात आहे, डोंगराच्या धारेवर नाही. पुढे वुर्टेंबर्ग आणि बाडेन या दोन राज्यांत भांडण झालं आणि १९२७ मध्ये ते न्यायालयात गेलं. न्यायालयाने फरक केला तो असा : निसर्गाने जे मुरतं ते सोसावं लागेल, माणसाने बांधकाम करून जे वाढवलं-घटवलं त्याचा जाब विचारता येईल. बघा, कृष्णा-कावेरीच्या लवादांत नदी निदान सगळ्यांना दिसत तरी असते.

दुसरं प्रकरण फ्रान्सचं. १९०१ च्या ऑगस्टमध्ये पाँतार्लिए गावात आबसाँथ या मद्याच्या कारखान्यावर वीज पडून आग लागली. साठा फुटू नये म्हणून मद्य सोडून दिलं, ते दू नदीत गेलं. दोनेक दिवसांनी दुसऱ्याच खोऱ्यातल्या लू नदीच्या उगमाला मद्याचा वास! लू स्वतंत्र नदी आहे, असं तोवर सगळे समजत. रंग टाकून खात्री पुढे १९१० मध्ये एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांनी केली.

हे मार्तेल पेशाने वकील आणि हौसेने गुहांत उतरणारे. श्कोत्सियानच्या त्या प्रचंड दालनाला त्यांचंच नाव आहे. त्यांची खरी कामगिरी मात्र वेगळी आहे. १८९१ साली एका नितळ झऱ्याचं पाणी पिऊन ते आजारी पडले. शोध घेतला, तर वरच्या पठारावरल्या एका विवरात मेलेलं वासरू टाकलेलं होतं, आणि ते पाणी त्याच्यावरून येत होतं. पूर्वापार समज असा, की जमिनीतून येणारं पाणी गाळलेलं, म्हणजे शुद्ध. वाळूत ते बरंचसं खरं आहे. चुनखडीत वाळू नसते, मोकळी नळी असते. सकाळी वर टाकलं ते संध्याकाळी खाली कुणाच्या तरी हंड्यात. आणि खोल, बिनकामाचं विवर दिसलं की मेलेलं ढोर त्यात ढकलायचं ही शेतकऱ्याची साधी सोय होती. त्यात दुष्टपणा नव्हता, फक्त खालचं गाव दिसत नव्हतं. मार्तेल यांनी हे लावून धरलं आणि फ्रान्सच्या १९०२ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात विवरांत मेलेली जनावरं व घाण टाकायला बंदी आली.

आपल्या देशात हा प्रश्न कुठे? महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्टचा, म्हणून आपल्याला तो जाणवत नाही. आंध्रात बेलम आणि बोर्रा आहेत, छत्तीसगडमध्ये कुटुमसर आहे. पण खरं कार्स्ट पाहायचं तर मेघालय. खासी भाषेत गुहेला 'क्रेम' म्हणतात. जैंतिया टेकड्यांतली क्रेम लियात प्राह ३० किलोमीटरहून लांब आहे. सोहराजवळच्या मॉमलुह गुहेतल्या एका स्तंभाच्या थरांत सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून क्षीण झाल्याची नोंद मिळाली. २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तेव्हापासून आजपर्यंतच्या कालखंडाला मेघालयन हे नाव दिलं. त्याच मॉमलुहच्या परिसरात सिमेंटसाठी चुनखडी खणली गेली. जैंतिया टेकड्यांत चुनखडीबरोबर गंधकयुक्त कोळसाही आहे. त्याच्या खाणींतून निघणारं आम्ल पाणी ओढ्यांत उतरतं. २०१४ साली राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या अशास्त्रीय कोळसा खाणकामावर बंदी घातली.

अशा ठिकाणी खाणीला परवानगी मागताना एक वाक्य अहवालात येऊ शकतं : रंग टाकून पाहिला, झऱ्यात आढळला नाही, सबब खाणीचा आणि झऱ्याचा संबंध नाही. इथे मला माझा विषय पुन्हा आठवतो. मीमांसकांनी, विशेषतः कुमारिलाच्या परंपरेने, 'न दिसणं' हेही प्रमाण मानलं, पण एका अटीवर. वस्तू असती तर ती दिसलीच असती, एवढी योग्यता हवी. त्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. उजेडात टेबलावर घागर दिसली नाही, तर घागर नाही. अंधारात दिसली नाही, यावरून काहीच ठरत नाही. आता रंगाचं पाहा. तो कमी पडून विरला असेल. नमुने घेणं थांबवल्यावर आठवड्याने आला असेल. पाहिलेल्या झऱ्याऐवजी नदीच्या तळातल्या न पाहिलेल्या झऱ्यातून निघाला असेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रयोग जानेवारीत केला असेल. कार्स्टमध्ये भुयारं मजल्यांची असतात. कोरड्या दिवसांत पाणी खालच्या मजल्यावरून जातं, पावसाळ्यात ते वर चढून जुन्या, एरवी सुक्या मार्गांनी दुसऱ्याच झऱ्याकडे वळतं. म्हणजे पाणलोटाची रेघच ऋतूप्रमाणे सरकते. सोहराच्या पावसात हिवाळ्यातला निष्कर्ष कितपत चालेल, तुम्हीच सांगा.

म्हणून असा अहवाल हाती आला तर मी चार गोष्टी विचारीन. रंग कोणत्या महिन्यात टाकला? किती? किती झऱ्यांवर, आणि किती दिवस नमुने घेतले? आणि खालच्या गावात पाणी भरणाऱ्या बायकांना कुणी विचारलं का, की पाणी कधी गढूळ होतं, कधी वास येतो? शंभर वर्षांपूर्वी लू नदीच्या काठी पहिली खूण प्रयोगशाळेला नाही, लोकांच्या नाकालाच कळली होती.

आता प्रश्न घेऊ. ऑनलाइन ऐकणाऱ्यांनी लिहून पाठवावेत.